नाश्ता करायचा की सोडायचा? आधी रात्रीच्या जेवणाची वेळ बघा

तुम्ही विचारलंय ते आधी एकदा मांडून घेते. वय ४१, उंची ५ फूट ६ इंच, वजन ७८ किलो. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत स्टोअरला नोकरी, साडेआठला हजेरी. सकाळी सहाला उठल्यावर एक चहा, निघताना दुसरा, सोबत बेकरीतले दोन-तीन कडक बटर. अकराच्या सुट्टीत कॅन्टीनचे पोहे नाहीतर आलूबोंडा आणि परत चहा. दोनला डबा. संध्याकाळी सहाला घरी चहा-फरसाण. रात्री दहाला जेवण, अकराला झोप. कंपनीच्या तपासणीत एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर सांगणारा आकडा, ६.१ आलं, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर; गोळी कुठलीच चालू नाही. मेहुण्यांनी सकाळचं खाणं बंद केलं, दुपारी १२ ते रात्री ८ एवढ्या वेळातच जेवायला लागले आणि त्यांचं सात किलो वजन उतरलं. आई म्हणते, उपाशी पोटी घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. आणि तुम्हाला हवंय एकच उत्तर: सकाळी खायचं की नाही?

सकाळी तुम्ही आत्ताही खाताच आहात. दोन चमचे साखरेच्या एका कपात साधारण १० ग्रॅम साखर जाते. दुधासकट त्या कपाच्या ८०-९० कॅलरी होतात. दोन कप आणि तीन बटर धरले तर आठ वाजायच्या आत तीनशेच्या आसपास कॅलरी पोटात गेल्या. एक ज्वारीची भाकरी आणि वाटीभर वरण खाल्लं तरी जवळपास तेवढ्याच होतात. फरक एवढाच की भाकरी-वरणाने चार तास भूक लागत नाही, आणि चहा-बटरमधला मैदा, साखर अन् वनस्पती तूप दीड-दोन तासांत तुम्हाला अकराच्या पोह्यांकडे ढकलतं. “मी नाश्ता करत नाही, फक्त चहा घेतो” हे वाक्य आपल्या भागात रोज ऐकू येतं. ज्याच्या चहात साखर आणि बशीत खारी आहे, त्याचा नाश्ता झालेला असतो, आणि तो सगळ्यात वाईट प्रकारचा असतो. म्हणून तुमच्यासाठी खरा प्रश्न असा: दिवसाचा पहिला घास कधी घ्यायचा, त्यात काय असावं, आणि आदल्या रात्रीचा शेवटचा घास किती वाजता झाला होता.

माझं मत आधीच सांगून टाकते. नाश्त्याचा निर्णय सकाळी होत नाही, आदल्या रात्री होतो. रात्री दहाला जेवणाऱ्या माणसाने नाश्ता सोडला काय अन् केला काय, ६.१ च्या आकड्यावर त्याचा फारसा उपकार होत नाही.

आता दोन्ही बाजूंचं बोलू. नाश्ता करणारे लोक सडपातळ असतात असं जुने अभ्यास सांगायचे, पण ते अभ्यास नुसत्या निरीक्षणाचे होते. वेळेवर नाश्ता करणारा माणूस बहुतेक वेळा लवकर झोपतो, बिडी-सिगारेट कमी ओढतो, थोडं चालतोही. मग श्रेय नाश्त्याला द्यायचं की बाकी सवयींना, हे त्यातून कळत नाही. लोकांचे दोन गट करून घेतलेल्या चाचण्या वेगळं सांगतात. २०१९ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अशा १३ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. त्यात नाश्ता करणाऱ्यांच्या पोटात दिवसाला सरासरी २६० कॅलरी जास्त गेल्या आणि नाश्ता न करणाऱ्यांचं वजन किंचित, अर्ध्या किलोपेक्षाही कमी, खाली होतं. या चाचण्या बहुतेक ब्रिटन-अमेरिकेतल्या आणि थोड्या काळाच्या होत्या. तरी “नाश्ता सोडला की वजन वाढतं” या समजुतीला त्यांनी आधार ठेवला नाही.

मेहुण्यांच्या पद्धतीचंही तसंच. २०२० मध्ये अमेरिकेत ११६ जणांची १२ आठवड्यांची चाचणी झाली. एका गटाने दुपारी १२ ते रात्री ८ मध्येच खायचं, दुसऱ्याने नेहमीप्रमाणे तीनदा. दोन्ही गटांच्या वजनातला फरक नगण्य निघाला. मग मेहुण्यांचं सात किलो कसं उतरलं? बहुधा आठनंतर तोंड बंद झालं, सकाळचे दोन गोड चहा गेले, आणि अकराचा वडाही गेला. हे उतरणं खरंच आहे आणि त्यांचं कौतुकही आहे. पण ते काम उपाशी सकाळीने केलं की बंद झालेल्या रात्रीने, हे वेगळं करून बघायला हवं. २०१८ मधला एक छोटा, अवघ्या आठ पुरुषांवरचा अभ्यास इथे उपयोगी पडतो. ते सगळे तुमच्यासारखेच मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे होते. सकाळी खाणं सुरू करून दुपारी तीनच्या आत दिवसाचं शेवटचं जेवण, असं पाच आठवडे केलं. वजन मुद्दाम उतरू दिलं नव्हतं, तरी इन्सुलिनचं काम आणि रक्तदाब दोन्ही सुधारले. दुपारी तीनला रात्रीचं जेवण उरकणं आपल्याला जमणार नाही, आणि आठ माणसांवरून जगाचा नियमही काढता येत नाही. पण त्यातून दिशा दिसते: ज्याला साखरेची काळजी आहे त्याने जेवणाची खिडकी सकाळकडे सरकवावी, रात्रीकडे नको.

याचं कारण शरीराच्या घड्याळात आहे. पहाटेपासून कॉर्टिसोल हे संप्रेरक वाढतं आणि यकृत साठवलेली साखर रक्तात सोडायला लागतं. म्हणून सहा-सातला काही न खाताही तुम्ही उभे राहता, चालता, गाडी चालवता. सकाळी खाल्लं नाही तर लगेच शरीर मोडकळीला येतं हे खरं नाही. दुसरी बाजू अशी की इन्सुलिनचा परिणाम सकाळी चांगला असतो आणि रात्रीकडे मंदावत जातो. तीच एक भाकरी, तेवढंच पिठलं, सकाळी नऊला खाल्लं तर साखर थोडी चढून उतरते. रात्री दहाला खाल्लं तर जास्त चढते आणि उशिरापर्यंत वर राहते. त्यात तासाभरात झोपलात तर पचन आणि झोप दोन्ही एकमेकांच्या वाटेत येतात. सकाळी भूक लागत नाही अशी ज्यांची तक्रार असते, त्यांच्या रात्रीच्या जेवणाची वेळ विचारली की निम्मं कोडं तिथेच सुटतं. उरलेलं निम्मं सवयीचं आहे. भूक जागवणारं घ्रेलिन हे संप्रेरक तुमच्या नेहमीच्या जेवणाच्या वेळा पाळतं. वेळ बदलली की एक-दोन आठवडे ते जुन्या वेळेलाच हाक मारतं, नंतर नव्या वेळेला मारायला लागतं. त्यामुळे कुठलाही बदल चार दिवसांत “मला नाही मानवत” म्हणून सोडू नका.

आणखी एक गोष्ट तुमच्या आकड्याशी थेट जोडलेली आहे. सकाळी काहीच न खाता पहिलं जेवण दुपारी केलं, तर बऱ्याच लोकांची त्या जेवणानंतरची साखर नेहमीपेक्षा जास्त चढते. रात्रभर शरीर चरबी जाळत असतं, रक्तात चरबीची आम्लं वाढलेली असतात आणि स्नायू साखर घ्यायला सुस्त असतात. सकाळचं थोडं, प्रथिनांचं खाणं इन्सुलिनला आधीच कामाला लावतं आणि दुपारच्या भाकरीला रस्ता मोकळा करून ठेवतं. हे सगळ्यांत सारखं दिसत नाही. कुणात साखरेच्या आकड्यात ३० चा (मिग्रॅ/डेसिलिटर) फरक पडतो, कुणात काहीच पडत नाही. म्हणूनच पुढे घरच्या घरी तपासून बघायची रीत दिली आहे.

त्याआधी ज्यांनी हा प्रयोग करायचाच नाही त्यांच्याविषयी, कारण हे उत्तर इतरही वाचतील आणि इथे चूक झाली तर ती महागात पडते. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड गटातली गोळी अथवा इन्सुलिन चालू असलेल्यांनी डॉक्टरांना न विचारता एकही जेवण गाळू नये. सकाळी गोळी घेतली आणि खाल्लं नाही, की अकराच्या सुमाराला हात थरथरणं, दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी. मोटारसायकलवर असताना हे झालं तर जिवावर बेतेल. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, वाढत्या वयाची मुलं, क्षयरोगाच्या औषधांवर असलेले, मुळात वजन कमी असलेले, दंडा-मांड्यांचं मांस उतरत चाललेले म्हातारे, अर्धशिशीचा त्रास असलेले, या कुणीही सकाळ उपाशी काढू नये. लातूरला क्लाससाठी खोली करून राहिलेली मुलं पहाटे पाचला चहावर अभ्यासाला बसतात आणि मेसचा डबा येतो साडेअकराला. त्या मुलांना मी कळकळीने सांगते, खोलीत भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, गूळ, केळी आणि अर्धा लिटर दूध एवढं ठेवाच. ऊसतोडीला, कापूस वेचायला, बांधकामावर पहाटे निघणाऱ्यांची गोष्टच वेगळी. त्यांना इंधन आधी लागतं. त्यात एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीपार जातो, तेव्हा रिकाम्या पोटी, पाणी-मीठ कमी असताना उन्हात काम म्हणजे चक्कर ठरलेली.

गोळ्यांच्या वेळांतही नाश्त्याचा घोळ होतो. पित्ताची पँटोप्राझोल सारखी गोळी खाण्याच्या साधारण अर्धा तास आधी घ्यायची असते, कारण पोटातले आम्ल सोडणारे पंप जेवणाने जागे झाले की ती त्यांना पकडते. सकाळी सातला गोळी आणि पहिला घास एकला, असं केल्यावर “गोळी लागू पडत नाही” ही तक्रार येणारच. थायरॉइडची गोळी उपाशी पोटी, आणि नंतर ३० ते ६० मिनिटं चहासुद्धा नाही. लोहाच्या गोळीच्या मागेपुढे तासभर चहा नको, चहा लोह अडवतो. मेटफॉर्मिन मात्र खाण्यासोबत, नाहीतर मळमळ होते.

नाश्ता सोडलेला कुणाला चालतो? ज्याचं रात्रीचं जेवण साडेसात-आठला होतं, ज्याला सकाळी खरोखर भूक नसते, गोळ्या नाहीत, आणि दुपारच्या पहिल्या जेवणावर जो तुटून पडत नाही, त्याला. अशा माणसाला बळेच खाऊ घालायची काही गरज नाही. आपल्या शेतकरी घरांत न्याहारी ही नऊ-दहाला बांधावर सोडलेली भाकर असायची. ते उठल्याउठल्या खाणं नव्हतं, पण बारापर्यंतचा उपासही नव्हता, आणि संध्याकाळचं जेवण दिवेलागणीच्या मागोमाग उरकायचं. जालना-संभाजीनगरकडच्या जैन कुटुंबांत सूर्यास्ताआधी जेवायची रीत आजही पाळतात. त्यांच्यातल्या कुणी सकाळी दहाला पहिला घास घेतला तरी मला काळजी वाटत नाही. अडचण आपल्या नव्या वेळापत्रकाची आहे: सकाळ जुन्या माणसांसारखी रिकामी, आणि रात्र शहरासारखी लांबलेली.

म्हणून पहिले दोन आठवडे नाश्त्याला हातही लावू नका, रात्रीचं जेवण मागे आणा. दहावरून एकदम आठवर उडी मारली तर घरात भांडण होईल. दर तीन-चार दिवसांनी वीस मिनिटं मागे घ्या, दोन आठवड्यांत पावणेनऊ-साडेआठ गाठाल. घरच्या बायका सगळ्यांचं झाल्यावर जेवतात, त्यांचं ताट त्याच वेळी वाढलं गेलं पाहिजे, नाहीतर तुमचा आकडा सुधारेल आणि त्यांचा बिघडेल. सहाच्या चहा-फरसाणाऐवजी त्या वेळी मूठभर फुटाणे, एक पेरू किंवा काकडी आणि पेलाभर ताक घेतलं की रात्रीची एक भाकरी आपोआप कमी होते. जेवल्यावर पंधरा मिनिटं गल्लीत चाला, पायांचे स्नायू तेवढ्यात बरीच साखर ओढून घेतात. शेतीच्या मोटारीला रात्रीची लाइट असते म्हणून ज्यांना उशिरापर्यंत जागावं लागतं, त्यांनी जेवण आठला करून घ्यावं आणि बाराला फार भूक लागली तर कपभर दूध घ्यावं. जेवणच बाराला ढकलू नये.

याच दोन आठवड्यांत चहाची साखर उतरवायला लागा. दोन चमच्यांवरून दीड, पुढच्या आठवड्यात एक, मग अर्धा. जीभ एवढ्या पायऱ्यांना कुरकुरत नाही. एकदम बंद केली तर चार दिवसांनी दुप्पट परत येते. आणि गुळाचा चहा म्हणजे साखरेपासून सुटका नव्हे. रस्त्यांवर पाट्या लागल्यापासून हा गैरसमज फार पसरलाय. गुळातही बहुतेक सगळी साखरच असते आणि रक्तात ती तशीच चढते. तुमच्या दिवसाच्या चार कपांतून ४० ग्रॅम साखर जाते. जागतिक आरोग्य संघटना अशी वरून घातलेली साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते.

आता खायचं ठरलं तर काय? माझा एकच निकष: पहिल्या खाण्यात १५ ते २० ग्रॅम प्रथिनं हवीत. आपल्या वजनाच्या दर किलोला दिवसाला साधारण ०.८३ ग्रॅम प्रथिनं ही भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची शिफारस आहे, म्हणजे तुम्हाला ६५ ग्रॅमच्या आसपास. ती सगळी रात्रीच्या वरणातून निघत नाहीत. पोह्यांचा हिशोब करा. एका प्लेटीत ६० ग्रॅम कोरडे पोहे धरले तर त्यात ४५ ग्रॅमच्या आसपास पिष्ट आणि जेमतेम ४ ग्रॅम प्रथिनं. वर शेव, सोबत गोड चहा. म्हणून तासा-दीड तासात पोट परत मागतं. पोहे सोडायला नकोत, मांडणी बदला: पोहे ४०, शेंगदाणे २५ ग्रॅम, मोड आलेली वाफवलेली मटकी पाऊण वाटी, तेल माणशी दीड लहान चमचा. शेव टाळा, लिंबू जास्त पिळा. सोबत वाटीभर दही घेतलंत की हिशोब पंधराच्या पुढे जातो. चुरमुऱ्यांचा सुशीलाही असाच. चुरमुरे भिजवून पिळले की हलके वाटतात आणि माणूस दोन प्लेटा खातो. त्यात पंढरपुरी डाळ्याचं कूट सढळ हाताने घाला, एका माणसाला दोन मोठे चमचे, शिवाय शेंगदाणे. मग एकाच प्लेटीत पोट भरतं.

पण माझ्या मते आपल्या मराठवाड्याचा खरा नाश्ता धपाटं आहे, आणि तुमच्यासारख्याला तो सगळ्यात सोयीचा. एका माणसासाठी ज्वारीचं पीठ ५० ग्रॅम, बेसन २५ ग्रॅम, बांधणीला चमचाभर कणीक, मेथी किंवा कांदा, तीळ, ओवा, ठेचा, हळद, मीठ. दोन धपाटी होतात. सोबत १५० ग्रॅम दही आणि एक मोठा चमचा शेंगदाण्याची चटणी. ज्वारीतून ५, बेसनातून ५, दह्यातून ५, चटणीतून ३-४, म्हणजे १८-१९ ग्रॅम झाली. सकाळी वेळ नसतो, म्हणून कोरडी पिठं आणि मसाला रात्री एकत्र करून डब्यात ठेवा. कांदा आणि मीठ मात्र मळताना घाला. रात्रीच घातलंत तर पाणी सुटून पीठ पातळ होतं, मग ते थापताना कापडाला चिकटतं आणि सैल पीठ सावरायला कणीक वाढवत जावं लागतं. ओल्या कापडावर थापा, मधे बोटाने दोन-तीन भोकं पाडा, एका धपाट्याला एक लहान चमचा तेल पुरतं. तेल जास्त पितंय असं दिसलं तर तवा पुरता तापलेला नाही. जास्तीचं लहान चमचाभर तेल म्हणजे ४५ कॅलरी, तिथेच धपाट्याचा पराठा होतो.

रोज धपाटं नको असेल तर भाकरी-पिठलं, अर्धी भाकरी आणि दोन अंडी, भिजवलेल्या मुगाची धिरडी, थंडीत हुलग्याचं माडगं आणि वर मूठभर शेंगदाणे. रात्रीची शिळी भाकर दह्यात कुस्करून, कच्चा कांदा आणि जवसाची चटणी घालून खाल्ली तर तीही उत्तम. थंड झालेल्या पिठातलं थोडं पिष्ट पचायला जड होतं, त्यामुळे साखर जरा सावकाश चढते. शिळ्या भाताला मात्र ही मोकळीक नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात रात्रभर बाहेर राहिलेल्या भातात जे जंतू वाढतात, त्यांचं विष फोडणीच्या आचेने मरत नाही. जेवणं झाल्यावर तासाभरात फ्रीजमध्ये गेलेलाच भात सकाळी फोडणीला घ्या. फळांचा रस, गोड ओट्सची पाकिटं आणि टोस्ट यांच्यावर पैसे घालू नका. आणि उपवासाच्या दिवशी “आज नाश्ता नाही” म्हणून साबुदाण्याची खिचडी हाणली, तर ती जवळपास निव्वळ पिष्टाची ताटली असते. त्यापेक्षा भगर, शेंगदाण्याची आमटी आणि दही बरं.

रात्रपाळीवाल्यांचं दोन ओळींत: पाळीला निघण्याआधी पूर्ण जेवण, रात्री एक ते चारमध्ये जड काही नाही, फार तर ताक-फुटाणे. सकाळी घरी आल्यावर हलकं खाऊन झोप, आणि उठल्यावर मुख्य जेवण. त्यांच्यासाठी नाश्ता म्हणजे झोपून उठल्यावरचं पहिलं खाणं, घड्याळात कितीही वाजलेले असोत.

आता तपासणी. रात्रीचं जेवण साडेआठला बसलं की १४ दिवस नाश्ता करून आणि पुढचे १४ दिवस न करता काढा. पहिल्या चौदात सकाळी आठच्या आत धपाटं-दही किंवा वर सांगितल्यापैकी काही, अकराला नुसतं ताक. दुसऱ्या चौदात सकाळी पाणी आणि बिनसाखरेचा चहा, आणि पहिलं जेवण अकराच्या सुट्टीत: डबाच तेव्हा उघडा, कॅन्टीनचे पोहे नाहीत. दोनला डब्यातला उरलेला भाग. ग्लुकोमीटर घ्या, पट्ट्यांची २५ ची डबी पुरते. दोन्ही पंधरवड्यांतल्या शेवटच्या आठवड्यात कुठलेही तीन दिवस निवडा. त्या तिन्ही दिवशी तीनदा मोजा: उठल्यावर, दिवसाच्या मोठ्या जेवणाआधी, आणि त्या जेवणाचा पहिला घास घेतल्यापासून बरोबर दोन तासांनी. ते मोठं जेवण सहाही दिवस सारखंच ठेवा, समजा दीड भाकरी, एक वाटी डाळ, एक भाजी. नाहीतर तुलना फसते.

मोजताना होणाऱ्या चुका नेहमीच्याच असतात. बोटाला फळाचा किंवा गुळाचा अंश राहिला तर आकडा ४०-५० ने फुगतो, म्हणून साबणाने हात धुऊन पूर्ण कोरडे करा. टोचायचं ते बोटाच्या कडेला, मधोमध नाही. बोट पिळून पिळून थेंब काढू नका. पट्ट्यांच्या डबीचं झाकण लगेच लावा, पावसाळ्यात दमट हवेने पट्ट्या बिघडतात. आणि घरच्या यंत्रात १५ टक्क्यांपर्यंत फरक चालवून घेतात, तेव्हा १३२ आणि १४० यांत काही वेगळं वाचू नका. उठल्यावरचा आकडा ११० आणि तासाभराने न खाताच ११८ आला तरी घाबरू नका, ते पहाटेच्या यकृताचं काम आहे.

आकड्यांइतकीच वही महत्त्वाची. पहिली खरी भूक कधी लागली, अकराला डोकं दुखलं का, संध्याकाळी फरसाणाच्या डब्याकडे हात गेला का, रात्री किती भाकरी खाल्ल्या, झोप कशी लागली. वजन आठवड्यातून दोनदा, सकाळी शौचाहून आल्यावर, त्याच कपड्यांत. एक किलो वर-खाली हे पाण्याचं असतं. बेंबीच्या पातळीला, श्वास सोडून पोटाचा घेर घ्या. पुरुषांचा ९० सेंटिमीटरच्या आत हवा, बायकांचा ८०. तुमच्या बाबतीत मी वजनापेक्षा या घेरावर जास्त लक्ष ठेवेन.

वाचायचं असं. नाश्ता सोडलेल्या पंधरवड्यात जेवणानंतरचे आकडे सारखे २५-३० ने वर येत असतील आणि संध्याकाळची खा-खा वाढली असेल, तर तुम्हाला नाश्ता मानवतो, तो ठेवा. आकडे सारखेच राहिले, रात्रीची भाकरी वाढली नाही आणि घेर उतरला, तर अकराचं पहिलं जेवण तुमचं झालं, आणि आईंना सांगा की भाकर सोडली नाही, फक्त न्याहारीच्या जुन्या वेळेला नेली आहे. माझा अंदाज विचारलात तर ६.१ च्या माणसाला बहुधा सकाळचं धपाटं आणि साडेआठचं रात्रीचं जेवण जास्त फळेल. पण अंदाजापेक्षा तुमच्या वहीवर माझा भरवसा जास्त राहील. दोन तासांनंतरचा आकडा १४० च्या आत राहिला तर छान. १८० च्या वर वारंवार गेला तर प्रयोग थांबवून डॉक्टरांना भेटा.

एचबीए१सी लगेच महिन्याने करू नका. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, त्यामुळे नवं वळण दिसायला तीन महिने लागतात. त्याच लॅबमध्ये करा आणि सोबत हिमोग्लोबिनही तपासा, कारण अंगात लोह कमी असेल तर हा आकडा खोटाच वर दिसू शकतो. ५.७ च्या खाली आला तर आहे तेच चालू ठेवा. ६.५ किंवा वर गेला, किंवा त्याआधीच तहान वाढली, रात्री लघवीला उठावं लागलं, वजन आपोआप घटायला लागलं, तर तीन महिने वाट न बघता ही वही घेऊनच डॉक्टरांकडे जा. त्यात लिहिलेल्या जेवणाच्या वेळा त्यांना गोळी ठरवताना लागतील.